चिपबोर्डवर टाइल्स? आधी जमीन पारखा!

घराची जमीन कशी असावी, याविषयी मराठी माणसाच्या कल्पना ठाम असतात. शहाबादी, कोटा, मोझॅक आणि आता व्हिट्रिफाइड टाइल्स असा प्रवास झाला, तरी पायाखाली टणक, थंड आणि पुसून लख्ख होणारे काहीतरी हवे, ही अपेक्षा बदललेली नाही. त्यामुळे नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले कुटुंब तेथे घर विकत घेते, तेव्हा वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातला गालिचा किंवा व्हिनाइल काढून टाइल्स बसवण्याचा बेत लवकरच आखला जातो. गालिचा उचलल्यावर मात्र खाली सिमेंटचा कोबा दिसत नाही. दिसतो तो तपकिरी किंवा हिरवट रंगाचा, भुसा दाबून केल्यासारखा तक्ता. हाच चिपबोर्ड. त्यावर थेट टाइल्स बसवाव्यात का, या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर 'नाही' असे आहे. मात्र जमीन पारखून, मध्ये योग्य थर घालून त्या बसवता येतात. ही पारख कशी करायची, हेच समजून घ्यायला हवे.

चिपबोर्ड म्हणजे काय?

लाकडाच्या बारीक कपच्या आणि भुसा कृत्रिम राळेत मिसळून, उष्णता व दाब देऊन चिपबोर्ड तयार होतो. आपल्याकडे तो पार्टिकल बोर्ड या नावाने ओळखला जातो आणि मॉड्यूलर किचन, कपाटे, टेबले यांच्या रूपाने घरोघरी पोहोचला आहे. सिंकखालच्या कपाटात पाणी झिरपले की त्याचा तळ पोळीसारखा फुगतो, हा अनुभव अनेक गृहिणींना आहे. एकदा फुगलेला हा तक्ता वाळल्यानंतर पूर्ववत होत नाही, हा त्याचा मोठा दोष.

ब्रिटनमध्ये घरांचे वरचे मजले बहुधा लाकडी तुळयांवर उभे असतात. पूर्वी या तुळयांवर सलग फळ्या ठोकल्या जात. १९७०च्या दशकापासून फळ्यांची जागा मोठ्या प्रमाणावर चिपबोर्डने घेतली. जमिनीसाठी तो साधारणपणे १८ किंवा २२ मिलिमीटर जाडीचा वापरतात. तुळयांमधील अंतर ४०० ते ४५० मिलिमीटर असेल तर १८ आणि ६०० मिलिमीटर असेल तर २२ मिलिमीटर जाडी घ्यावी, असा तेथील प्रघात आहे. युरोपीय मानकानुसार दमट जागी भार पेलणाऱ्या तक्त्याला 'पी ५' असा दर्जा दिला जातो. ओळखीसाठी त्यात अनेकदा हिरवी छटा मिसळलेली असते. मात्र हा तक्ता ओलावा काही काळ सोसू शकतो, तो जलरोधक नाही, हे विसरता कामा नये.

टाइल्स का फुटतात?

टाइल हा कठीण पदार्थ आहे. वरून येणारा दाब ती उत्तम पेलते, पण वाकणे तिला मानवत नाही. चिपबोर्डचा स्वभाव नेमका उलटा. तो तुळयांच्या मधल्या भागात पावलागणिक किंचित लवतो. खोलीतील दमटपणा वाढला की प्रसरण पावतो आणि हिवाळ्यात घर तापवले की आकसतो. या दोन भिन्न स्वभावांच्या वस्तू एकमेकींना घट्ट चिकटवल्या, तर ताण येतो तो मधल्या थरावर. प्रथम सांध्यांतील ग्राउट भुगा होऊन निघते. मग टिचकी मारली की टाइल 'बद्द' वाजू लागते. अखेरीस ती सुटते किंवा तिला तडा जातो.

दुसरे कारण पाण्याचे. टाइल्स चिकटवण्याचे सिमेंटयुक्त मिश्रण पाण्यात कालवलेले असते. ते थेट चिपबोर्डवर पसरले, तर त्यातील पाणी तक्ता शोषून घेतो. त्यामुळे मिश्रणाची पकड कच्ची राहते आणि तक्त्याचा पृष्ठभागही फुगतो. पुढे न्हाणीघरात सांध्यातल्या बारीक फटीतून पाणी उतरू लागले, की वरून काहीच दिसत नाही. खालचा तक्ता मात्र मऊ होत जातो. खालच्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या छताला पिवळा डाग पडतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. मग प्रश्न चार टाइल्सचा न राहता संपूर्ण जमीन आणि खालचे छत बदलण्याचा होतो. खालचे घर शेजाऱ्याचे असेल, तर नुकसानभरपाईचा वादही उभा राहतो. म्हणूनच चिपबोर्डवर थेट टाइल्स बसवू नयेत, असा सावध सल्ला ब्रिटनप्रमाणेच अमेरिकेतील व्यावसायिकही देतात.

तपासणी कशी करावी?

पहिली परीक्षा अगदी घरगुती आहे. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला जमिनीच्या मध्यभागी ठेवावा आणि शेजारून नेहमीच्या चालीने जावे. पाणी हिंदकळले, तर जमीन लवते आहे, असे समजावे. चालताना करकर आवाज येत असेल, तर खिळे सैल झालेले असतात.

लवचिकतेची मर्यादा किती असावी, याचा अमेरिकेतील फरशी व्यवसायात रूढ असलेला दंडक उपयोगी पडतो. त्यानुसार सिरॅमिक टाइल्ससाठी तुळईच्या लांबीच्या ३६०व्या हिश्शापेक्षा अधिक वाक चालत नाही. नैसर्गिक दगडासाठी ही मर्यादा ७२०वा हिस्सा इतकी कडक आहे. म्हणजे ३.६ मीटर लांबीची तुळई पूर्ण भाराखाली टाइल्ससाठी १० मिलिमीटर, तर संगमरवरासाठी केवळ ५ मिलिमीटर लवलेली चालते. टाइल्सखाली चालणारी जमीन संगमरवराखाली चालेलच असे नाही, ते यामुळेच.

यानंतर तक्त्याच्या कडा पाहाव्यात. कमोड, शॉवर आणि टब यांच्याभोवती चिपबोर्ड फुगला असेल, बोटाने उकरता येत असेल किंवा काळवंडला असेल, तर तो भाग बदलण्याला पर्याय नाही. काही घरांत चिपबोर्ड तुळयांवर न ठोकता उष्णतारोधक फोमवर नुसता अंथरलेला असतो. अशी 'तरंगती' जमीन हलत असल्याने त्यावर टाइल्सचा विचारच करू नये. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती १९९९मध्ये. त्यामुळे त्यापूर्वीच्या घरातील जुन्या प्लास्टिक फरश्या आणि त्यांखालचा काळा डांबरी थर खरवडण्याआधी त्याचा नमुना तपासून घेणे आवश्यक ठरते.

बसवायच्याच असतील तर...

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे न्हाणीघरापुरता चिपबोर्ड काढून टाकणे, तुळयांच्या मध्ये आडवे लाकडी ठोकळे बसवून त्यांना बळकटी देणे आणि पुरेशा जाडीचे जलरोधक प्लायवूड स्क्रूने आवळणे. चिपबोर्ड सुस्थितीत आणि स्थिर असेल, तर तो ठेवूनही काम करता येते. अशा वेळी सैल भाग स्क्रूने आवळून त्यावर टाइल्ससाठी बनवलेला सिमेंटचा बोर्ड चिकटवतात आणि स्क्रूने पक्का करतात. या बोर्डचे सांधे खालच्या चिपबोर्डच्या सांध्यांवर येऊ न देणे, ही त्यातली मुख्य खबरदारी. दोन्ही थरांतील हालचाल एकमेकींपासून सुटी ठेवणारी प्लास्टिकची जाळीदार चटई वापरणे, हा आणखी एक पर्याय. ती हालचाल शोषते, पण कमकुवत जमीन बळकट करत नाही.

चिकटवण्याच्या मिश्रणाचीही निवड महत्त्वाची. युरोपीय मानकात लवचीक मिश्रणांना 'एस १' आणि 'एस २' अशा श्रेणी आहेत. चाचणीत अडीच ते पाच मिलिमीटर वाकणारे मिश्रण पहिल्या श्रेणीत, तर पाच मिलिमीटर वा त्याहून अधिक वाकणारे दुसऱ्या श्रेणीत मोडते. भारतात अशा मिश्रणांसाठी 'आयएस १५४७७' हे मानक असून २०१९मध्ये त्यात सुधारणा झाली. मिश्रण टाइलखाली सर्वत्र पसरलेले असावे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबण्याची पद्धत लाकडी जमिनीवर घातक ठरते. भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवून ती ग्राउटने न भरता सिलिकॉनने बुजवावी. शॉवरच्या जागी टाइल्सखाली जलरोधक थर हवाच, कारण टाइल्स आणि ग्राउट मिळून पाणी पूर्णपणे अडवत नाहीत.

उंची आणि वजनाचा हिशेब

सहा मिलिमीटरचा बोर्ड, दहा मिलिमीटरची टाइल आणि मिश्रणाचे दोन थर धरले, तर जमीन सुमारे २२ मिलिमीटरने वर येते. दार तासावे लागते, उंबऱ्याशी पायरी तयार होते आणि कमोडची जोडणी बदलावी लागते. वजन दर चौरस मीटरला सुमारे ४० किलोने वाढते. पाच चौरस मीटरच्या न्हाणीघरात हे वजन २०० किलो होते. म्हणजे तीन धडधाकट माणसे तेथे कायमची उभी आहेत, असे समजायचे. जागा फ्लॅटमधील असेल, तर भाडेपट्ट्याच्या अटीही वाचाव्या लागतात. आवाज खाली जाऊ नये म्हणून तेथील अनेक करारांत गालिचा काढण्यावर निर्बंध असतात. हे सारे जमत नसेल, तर व्हिनाइल हाच शहाणपणाचा पर्याय. तो जमिनीबरोबर लवतो, वजनाला हलका असतो आणि उंचीही फारशी वाढवत नाही.

मुंबई-पुण्यातही तोच प्रश्न

हा प्रश्न केवळ परदेशातील घरांचा नाही. मुंबईतील अनेक उपकरप्राप्त इमारती आणि पुण्यातील जुने वाडे यांचे मजलेही लाकडी तुळयांवर आहेत. फळ्या, त्यांवर कोबा आणि वर फरशी, अशी तेथील रचना आढळते. तेथे जुनी फरशी न काढता त्यावर वाळू-सिमेंटचा माल टाकून नव्या टाइल्स बसवण्याचा मोह होतो. ४० मिलिमीटर मालाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८० किलो भरते. टाइल्ससह ते १०० किलोवर जाते. दहा बाय दहा फुटांच्या एका खोलीत त्यामुळे जवळपास एक टन भार नव्याने पडतो. आज बांधल्या जाणाऱ्या घरांसाठी भारतीय मानकात माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरला जातो. त्याच्या निम्मा भार केवळ हौसेपोटी, तोही वाळवी आणि गळतीने पोखरलेल्या तुळयांवर चढवायचा, हे कितपत योग्य, याचा विचार भाडेकरूंनी करायला हवा. अशा इमारतीत संरचना अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय फरशीला हात लावू नये. पोटमाळ्यावर लोखंडी अँगल टाकून त्यावर बोर्ड अंथरला असेल, तर तेथेही हाच नियम लागू होतो.

टाइल्सच्या दुकानात रंग, नक्षी आणि चकाकी यांवर तासन्‌तास चर्चा होते. टाइल वर्षानुवर्षे टिकणार की पहिल्याच हिवाळ्यात 'बद्द' वाजू लागणार, हे मात्र तिच्याखाली काय आहे, यावर ठरते. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी घरातला गालिचा उचलून एक भरलेला पेला जमिनीवर ठेवून पाहावा. उत्तराचा पहिला भाग तेथेच मिळतो.