आंबणे दोन प्रकारचे

आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानात चैत्रात मोहाची फुले पडतात. ओली फुले भांड्यात राहिली की फसफसतात. कधी मात्र ती नुसती आंबट होतात. असे का बरे होते?

फुलांत साखर असते. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव ती खातात. त्यातून मद्यार्क तयार होतो. थोडा आंबटपणा यीस्टला चालतो. पण भांडे अस्वच्छ असले, तर दुसरे जंतू वाढतात. दुधाचे दही लावणाऱ्या जंतूंचेच ते भाऊबंद. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्ल यीस्टच्या अंगात शिरते. ते बाहेर ढकलण्यातच यीस्टची ताकद संपते. मग त्याचे काम मंदावते, शेवटी थांबते.

हे कोडे लुई पाश्चर यांनी सोडवले. १८५६ साली फ्रान्समध्ये लील शहरी एका कारखान्यात बीटाचा रस असाच बिघडे. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. चांगल्या रसात गोल जीव दिसले. बिघडलेल्या रसात काडीसारखे जंतू होते.

आज उसाच्या मळीपासून मद्यार्क करतात. तो पेट्रोलमध्ये मिसळतात. तिथे टाक्या धुऊन स्वच्छ ठेवाव्या लागतात. नाही तर साखर फुकट जाते.

आपणही धडा घ्यावा. वेचलेली फुले उन्हात कडक वाळवावी. ओलावा नसला की जंतू वाढत नाहीत. फुले टिकतात. मेहनत वाया जात नाही.