इकालुइट ते नूक : अंतर आणि उड्डाणकाल

मराठीतील ‘अंतर’ हा शब्द स्थल आणि काल या दोहोंस लागू पडतो. ‘दोन गावांतील अंतर’ आणि ‘दोन घटनांतील अंतर’ असे आपण सारख्याच सहजतेने म्हणतो. उत्तरेकडील दोन दूरस्थ विमानतळांचे उदाहरण घेतले असता या दोन अर्थांतील भेद उत्तम रीतीने ध्यानात येतो. त्यांपैकी इकालुइट हे कॅनडातील बॅफिन बेटावर असून नूनावुत प्रदेशाची राजधानी आहे. नूक ही ग्रीनलंडची राजधानी होय. दोहोंच्या मध्ये डेव्हिस सामुद्रधुनी पसरलेली आहे.

दोन्ही नगरे ६४ अक्षांशाच्या आसपास वसलेली असून त्यांच्या रेखांशांत सुमारे १७ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एका रेखांशाची रुंदी १११ किलोमीटर असते; तेथे हा फरक जवळजवळ १,९०० किलोमीटर भरला असता. परंतु ध्रुवाकडे जावे तसतशी रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात आणि ६४ अक्षांशावर ही रुंदी अवघी ४९ किलोमीटर उरते. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर सुमारे ८२० किलोमीटरच आहे. मर्केटर पद्धतीच्या नकाशात हा भाग सव्वादोन पट ताणला जातो. नकाशावरून अंदाज करणारा वाचक फसतो तो यामुळेच.

उड्डाणकाल मात्र केवळ अंतरावर ठरत नाही. विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर आणि पश्चिमेचा वारा ताशी ६० किलोमीटर मानला, तर इकालुइटहून नूककडे जाण्यास सुमारे ८८ मिनिटे लागतील आणि उलट प्रवासास ११२. चढउतारास लागणारा वेळ यात मिळविला की प्रवास साधारणपणे दोन तासांचा होतो.

यापुढची गंमत घड्याळाची आहे. नूकचे घड्याळ इकालुइटच्या तीन तास पुढे असते. नूकहून दुपारी १ वाजता निघालेला प्रवासी दोन तास प्रवास करून इकालुइटला पोचतो, तेव्हा तेथे दुपारचे १२ वाजलेले असतात. म्हणजे निघण्यापूर्वीच तो पोचला, असे भासते. उलट दिशेने १ वाजता निघालेल्यास नूकला ६ वाजतात. तेव्हा वेळापत्रकातील दोन वेळांची नुसती वजाबाकी म्हणजे उड्डाणकाल नव्हे.

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. दोन्ही तीरांवर इनुइट लोक राहतात. पश्चिमेची इनुक्टिटुट आणि पूर्वेची कलाल्लिसुत या एकाच कुळातील भगिनीभाषा होत. एक मुख्यत्वे अक्षरचिन्हांच्या लिपीत लिहिली जाते, तर दुसरी रोमन लिपीत. ‘इकालुइट’ म्हणजे विपुल माशांचे स्थळ आणि ‘नूक’ म्हणजे भूशिर. ही नावे अधिकृतपणे परत आली ती अनुक्रमे १९८७ व १९७९ साली. एवढी जवळीक असूनही थेट विमान नसते तेव्हा प्रवाशास ओटावा, टोरोंटो व आइसलंड असा वळसा घ्यावा लागतो. हा वळसा सुमारे ८,००० किलोमीटरचा, म्हणजे मूळ अंतराच्या जवळजवळ दहापट आहे. काही वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात थेट उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा भूगोलाने जवळ ठेवलेली माणसे प्रवासाच्या हिशेबातही जवळ आली.

सारांश, दोन स्थळांमधील अंतर पृथ्वीच्या गोलाकारावरून निश्चित होते. परंतु दोन समाजांमधील अंतर ठरते ते उपलब्ध मार्गावरून.