पाऊस थांबल्यावरही वाहणारे झरे

पावसाळा सरून महिने लोटले तरी क्षेत्र महाबळेश्वरचे झरे कसे वाहतात, असे मुले विचारतात. देवळातील गोमुख दाखवून त्यांना गप्प करणे हे उत्तर नव्हे. तेथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. सच्छिद्र जांभ्यात त्यातील काही पाणी मुरते, खालच्या चिकण थरावर अडते व उतारावर सावकाश पाझरते. (सांगलीस उन्हाळ्यात दिसणारे कृष्णेचे पाणी मात्र पुष्कळसे धरणांतून सोडलेले असते.) हिमालयात गंगोत्रीच्या हिमनदीचेही असेच. थंडीत वरचे वितळणे थांबते, तरी बर्फाच्या पोटातील व तळाचे पाणी झिरपून भागीरथीला मिळत राहते. वर्गात तळाशी भोक असलेल्या कुंडीत मुरूम भरून तांब्याभर पाणी ओतावे. ओतणे थांबल्यावर पडणारे थेंब मुलांनीच मोजावेत.