दिवे विझता विझता राहिले!

महिनाअखेरीला विजेचे बिल घरोघरी डोके वर काढतेच. पण जगभरच्या संगणकांच्या सुरक्षेसाठी झटणाऱ्यांनाही त्याच बिलाने घाम फोडावा? जानेवारी २०१४ मध्ये नेमके तसेच घडले. ‘ओपनबीएसडी’ ही संगणकप्रणाली तयार करणाऱ्या मंडळींना जाहीर करावे लागले, की सुमारे २० हजार डॉलरचे वीजबिल भरायला पैसे नाहीत. मदत आली नाही तर काम थांबेल!

संगणकप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. विकत घेतलेली प्रणाली अडली, तर कंपनीकडे दाद मागता येते. ओपनबीएसडी मात्र फुकट मिळते. कॅनडातल्या कॅलगरी शहरात राहणाऱ्या थिओ डी राड्ट यांनी १९९५ मध्ये हे काम सुरू केले. त्यांचे बहुतेक सहकारी आपापली नोकरी सांभाळून हातभार लावतात.

मग वापरणाऱ्याने अडचणीत कुणाकडे पाहायचे? आधी माहितीपुस्तिकेकडे. ती प्रणालीसोबतच येते. ‘मॅन’ हा शब्द आणि पुढे हव्या त्या आज्ञेचे नाव टाइप केले, की पान पडद्यावर हजर! प्रणाली प्रथमच सुरू केल्यावर काय काय तपासावे, यासाठी ‘आफ्टरबूट’ नावाचे वेगळे पान आहे. डी राड्ट यांचे स्वागतपत्रही टपालपेटीत आधीच येऊन पडलेले असते. पुस्तिकेत चूक आढळली, तर ती प्रणालीतलीच चूक मानून दुरुस्त केली जाते.

वाचूनही सुटले नाही, तर जरूर विचारावे. पण यंत्र कोणते, काय केले, काय घडले हे सविस्तर लिहून. नुसते ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याला तुटक उत्तर मिळते आणि नवखी माणसे दुखावतात. हा तोरा आहे, असे आम्हालाही आधी वाटले होते. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची आणि शेवटच्या दोन आवृत्त्यांची डागडुजीही करायची. एवढ्याशा हातांनी आणखी किती करावे?

याच मंडळींनी १९९९ मध्ये दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी ‘ओपनएसएसएच’ तयार केले. आज लिनक्स, ॲपल आणि विंडोजच्या संगणकांवरही ते असते. मोठमोठ्या कंपन्यांनी ते फुकट वापरले. वीजबिलाची हाक मात्र तळघरातून आली. या प्रकल्पाची कितीतरी यंत्रे डी राड्ट यांच्या घराच्या तळघरातच अहोरात्र चालत होती. त्या वर्षी जगभरातून देणग्या आल्या आणि ती यंत्रे बंद पडली नाहीत.