बाळंतपणाची फाइल तुमचीही आहे, तिची प्रत मागून घ्या

दुसऱ्यांदा दिवस गेलेली बाई नाव घालायला दवाखान्यात जाते. डॉक्टर विचारतात, "पहिलं सिझर कशामुळे झालं? पिशवीवर टाके आडवे आहेत की उभे? रक्त चढवलं होतं का?" ती म्हणते, "बाळ अडलं होतं म्हणे. कागद होते, पण मागच्या पावसात घरात पाणी शिरलं, त्यात भिजून गेले." डॉक्टर चिडतात, ती खाली मान घालते. अशी बाई आपल्या प्रत्येक वस्तीत आहे.

तिचा दोष एवढाच, की हे कागद पुन्हा मिळू शकतात हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

घरी येते ते कार्ड, दवाखान्यात राहते ती फाइल

सुट्टी होताना आपल्या हातात पडतं ते डिस्चार्ज कार्ड. त्यात चार-पाच ओळी असतात. खरी हकिगत असते इनडोअर केस पेपरमध्ये, म्हणजे भरती असताना खाटेशी लटकवलेल्या त्या फाइलमध्ये. कळा कधी सुरू झाल्या, बाळाचे ठोके किती होते, बीपी किती होतं, सिझरचा निर्णय कधी आणि का झाला, रक्त किती गेलं, कोणतं इंजेक्शन दिलं, बाळ कधी रडलं, त्याचं वजन किती भरलं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही सही किंवा अंगठा दिलेली संमतिपत्रंही त्यातच असतात.

हे कागद कशाला लागतात?

सिझरचं उदाहरण घ्या. पोटावरचा व्रण आडवा दिसला म्हणून आतल्या पिशवीवरचा छेदही आडवाच असेल असं नाही. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल, तर पुढचं बाळंतपण सोय असलेल्या रुग्णालयात नॉर्मल करून पाहण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. छेद उभा असेल, तर कळांमध्ये पिशवी फाटण्याचा धोका जास्त असतो. हा फरक ऑपरेशनच्या नोंदीतूनच कळतो.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते दिलं होतं का, हे पुढच्या बाळासाठी महत्त्वाचं आहे. बीपी वाढून झटके आले असतील, तर पुढच्या खेपेला डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच औषधाचा विचार करतात. खूप रक्तस्राव झाला असेल, तर पुढचं बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं.

बाळ जन्मल्याबरोबर रडलं नसेल आणि पुढे ते उशिरा बसू-बोलू लागलं, तर बालरोगतज्ज्ञ पहिला प्रश्न जन्मवेळेचाच विचारतात. काही बायांना बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवलेली असते आणि ते त्यांच्या लक्षातही नसतं. पुढे पाळीचा त्रास झाला किंवा मूल हवं असताना दिवस राहिले नाहीत, की धावपळ सुरू होते. तांबी बसवली का आणि त्याला तुमची संमती घेतली का, हेही फाइलमध्ये पाहता येतं.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवावी लागतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने ती मागितली, तर मागणीची पोच देऊन ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. हे सरकारी डॉक्टरला लागू आहे, तसंच खासगी डॉक्टरलाही. रुग्णाला केस पेपरच्या प्रती द्यायला हव्यात, असं मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली सांगितलं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेतही हा हक्क आहे. भरती असताना शक्यतो २४ तासांत आणि सुट्टी झाल्यावर ७२ तासांत प्रती मिळाव्यात, असं ती सांगते. झेरॉक्सचा खर्च मात्र आपल्याला द्यावा लागू शकतो.

अर्ज कसा करायचा?

तोंडी विचारलं की "उद्या या" हे उत्तर ठरलेलं. म्हणून साध्या कागदावर, मराठीतच, अर्ज लिहा:

*प्रति, वैद्यकीय अधीक्षक, (रुग्णालयाचे नाव)*
*विषय : माझ्या प्रसूतीच्या केस पेपरच्या प्रती मिळणेबाबत.*
*महोदय/महोदया, मी (पूर्ण नाव) दिनांक ... ते ... या काळात आपल्या रुग्णालयात भरती होते. इनडोअर नंबर ... . दिनांक ... रोजी माझी प्रसूती झाली. माझे संपूर्ण इनडोअर केस पेपर, ऑपरेशन व भूल यांच्या नोंदी, संमतिपत्रे, तपासण्यांचे रिपोर्ट आणि बाळाचे केस पेपर यांच्या प्रती मला ७२ तासांच्या आत मिळाव्यात. झेरॉक्सचा खर्च मी भरीन. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आहे.*
*सही, पत्ता, मोबाइल नंबर, तारीख.*

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. हीच तुमची पोच. ती नसेल तर अर्ज दिल्याचा पुरावा राहत नाही. लिहिता येत नसेल, तर शिकलेल्या मुलीकडून किंवा विहारात येणाऱ्या एखाद्या तरुणाकडून लिहून घ्या आणि खाली सही किंवा अंगठा तुमचाच द्या.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. तेव्हा फाइल तिकडच्या गावात असते आणि कधी नावही माहेरचंच लागलेलं असतं. अर्जात भरतीच्या वेळी लिहिलेलं नाव टाका आणि आताचं नावही कळवा. स्वतः जाणं जमत नसेल, तर आईला किंवा भावाला सही केलेलं अधिकारपत्र द्या. इनडोअर नंबर डिस्चार्ज कार्डावर असतो. कार्ड हरवलं असेल, तर प्रसूतीची तारीख कळवा. त्या तारखेवरून रजिस्टरमध्ये शोधता येतं. नवऱ्यालाही तुमची फाइल तुमच्या अधिकारपत्रावरच मागता येते, कारण रुग्ण तुम्ही आहात.

नाही म्हणाले तर?

सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात माहिती अधिकाराचा, म्हणजे २००५ च्या कायद्याचा अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने दाखल्याची प्रत जोडली की ही फी लागत नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही, तर त्याच कार्यालयातील वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.

खासगी रुग्णालय टाळाटाळ करत असेल, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे पोचेची प्रत जोडून लेखी तक्रार करा. वकील लागलाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

तीन वर्षं उलटून गेली असली तरी अर्ज करून पाहा. कागद नाहीत असं म्हणाले, तर तेच लेखी मागा. पुढच्या डॉक्टरांना निदान तेवढं तरी दाखवता येईल.

कागद हातात आल्यावर

पानं मोजून घ्या. प्रत्येक पान नीट वाचता येतं का ते पाहा. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवा. मूळ संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच जागी ठेवा. पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीला तो बरोबर न्या आणि महत्त्वाच्या गोष्टी माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांनी सुट्टी होण्याआधीच सिस्टरांना सांगून ठेवा, "डिस्चार्ज कार्डाबरोबर केस पेपरची झेरॉक्सही हवी." आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगा. तिलाही हे कुणी सांगितलेलं नसेल.