बातमीची रेसिपी

बातम्यांचं संकेतस्थळ ई-रीडरवर जसंच्या तसं उघडलं, तर मेनू आणि जाहिरातींच्या गर्दीत बातमीच शोधावी लागते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी लिहायला घेतलेल्या, पुढे ‘कॅलिबर’ झालेल्या मोफत सॉफ्टवेअरचा तोडगा मला सर्वांत शहाणा वाटतो: प्रत्येक वृत्तपत्रासाठी पायथॉनमधली छोटी ‘रेसिपी’. कोणते विभाग घ्यायचे, काय गाळायचं, हे ती सांगते. मग अनुक्रमणिकेसह पुस्तक तयार होतं. संकेतस्थळाची मांडणी बदलली की रेसिपी बिघडते, हे खरंच. पण ती उघडी असल्याने जाणकार वाचक दुरुस्त करू शकतो. मजकूर आपोआप ओळखणारी प्रणाली चुकली, तर तो हतबल. जाहिरातींचं उत्पन्न बुडतं, ही तक्रार अधिक वजनदार. मात्र वर्गणीच्या वृत्तपत्रांसाठी रेसिपी वाचकाकडे त्याचाच पासवर्ड मागते.