अंड्यात अंडे

भगिनींनो, खुराड्यात हात घातला आणि एखादे अंडे भलतेच मोठे लागले, असे कधी झाले आहे का? फोडावे तर आत कवचासकट दुसरे अंडे! पुष्कळ घरी त्याला करणी समजून उकिरड्यावर टाकतात. करणीबिरणी काही नाही. तयार अंडे बाहेर न पडता कोंबडीच्या पोटात मागे सरकते आणि त्याच्यावर पुन्हा कवच चढते, एवढेच.

असेच एक अंडे मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावाजवळ मिळाले. पण ते होते डायनासोरचे, साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुने, पार दगड झालेले. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली ते जगापुढे मांडले. सुसर, कासव यांच्यात अंड्यात अंडे आढळलेले नाही, पाखरांत आढळते. म्हणजे हे अवाढव्य जनावर अंडी घालण्याच्या बाबतीत तुमच्या कोंबडीच्या जवळचे असावे, असा त्यांचा कयास आहे.

त्याच मुलखात २०१७ ते २०२० या काळात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली. तिथले शेतकरी असले गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजत आले होते. तो शेताची नि गुरांची राखण करतो, ही श्रद्धा.

अंडी गोल, १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे नारळाएवढी. आई मात्र हत्तीहून कितीतरी मोठी! याच कुळातल्या जनावराची हाडे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला मिळाली आहेत. त्याची लांबी १८ मीटरच्या आसपास धरतात. खुडूक कोंबडीसारखी ही आई अंड्यांवर बसली असती तर चुराडाच झाला असता. म्हणून उथळ खड्डा करायचा, अंडी घालायची, वर माती लोटायची. उबवायचे काम उन्हाचे आणि मातीचे. घरटी इतकी खेटून आहेत, की मध्ये वावरायला आईला जागाच नव्हती. ती अंडी घालून निघून जात असावी.

मग पिलांना राखणार कोण? गुजरातेत धोली डुंगरी येथे धनंजय मोहबे यांना १९८० नंतरच्या दशकात एक घरटे सापडले. सगळी हाडे पिलाचीच, असे आधी वाटले. पुढे २००१ साली ध्यानात आले, की त्यांत साप आहे! साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याला वेटोळे घालून, आणि शेजारी अर्धा मीटरचे नुकते बाहेर पडलेले पिलू. त्या सापाचा जबडा अजगरासारखा फाकत नसे, अंडे गिळणे त्याला जमणारे नव्हते. तो पिलाची वाट बघत बसला असावा. तेवढ्यात वाळू-चिखलाचा लोंढा आला आणि साप, पिलू, अंडी सारी एकदमच गाडली गेली.